वाकडी फळी बाहेर जाणार नाही

अकील मिस्तरी एकतीस वर्षं रंधा मारतोय आणि एकतीस वर्षं एकच वाक्य बोलतोय.

"मन्हा दुकानमाईन वाकडी फळी बाहेर जास नही!"

अक्कलकुव्यात मोलगी रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्याचं फर्निचरचं दुकान. दुकानाला पाटी आहे, पण ती वाचायची वेळ कोणावर येत नाही, कारण समोरून जाणाऱ्याला मिस्तरी स्वतःच हे वाक्य ऐकवतो. आणि ते खरं आहे, बरं का! उगाच खोटं कशाला बोला? त्याने केलेल्या कपाटाचं दार अर्धवट उघडून सोडा, जिथे सोडलं तिथेच उभं राहतं. त्याच्या टेबलावर गोटी ठेवा, गोटी बिचारी जागची हलत नाही. एक डोळा मिटून त्याने फळीवरून नजर टाकली, की केसाएवढा बाकसुद्धा त्याला दिसतो. पंचाईत एवढीच, की हा डोळा दुकान बंद केल्यावरही चालू राहतो. मेहुण्याच्या मुलाच्या निकाहात स्टेज डावीकडे कललंय हे त्याच्या ध्यानात आलं. पठ्ठ्या सरळ स्टेजखाली घुसला आणि पाचर ठोकून मगच बाहेर आला. वर बसलेल्या नवरदेवाने त्या ठोकाठोकीला घाबरून 'कुबूल है' चार वेळा म्हटलं!

तर अशा माणसाच्या हातात रिनाने एक स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून उतरायची फळी, दिला. आता बोला!

रिना धनसिंग पावरा, मूळची तोरणमाळची, इथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या वसतिगृहात राहते. आठवीत असताना बापाचं बोट धरून ती मिस्तरीकडे आली होती आणि म्हणाली होती, "चाचा, मला चाकाची फळी करून द्या." मिस्तरीने जीपच्या गॅरेजातून जुन्या बेअरिंगा आणल्या, सागाची फळी घेतली आणि करून दिली. त्या फळीवर उभी राहून ही पोरगी तोरणमाळचा घाट उतरायची! ज्या वळणावर जीपवाला खाली उतरून देवाला हात जोडतो, त्या वळणावर ही नुसती कलायची आणि निघून जायची. एकदा पुण्याहून आलेल्या संध्या मॅडमनी हे पाहिलं. मॅडम बर्फावरचे खेळ शिकवायच्या. त्यांनी रिनाला दोन हिवाळे डोंगरात शिबिराला नेलं, आणि यंदा थेट राष्ट्रीय स्पर्धेसाठी महाराष्ट्राच्या मुलींच्या संघात घेतलं. खेळ कोणता, तर अल्पाइन कार्व्हिंग. या खेळात संघात जागा एक, आणि त्या जागेवर नाव रिनाचं.

सोमवारी सकाळी रिना दुकानात आली. बगलेत एक लांब पिशवी आणि हातात दोन बूट.

"चाचा, मॅडमनी त्यांचा बोर्ड पाठवलाय. कुरिअरमध्ये आदळून याचे स्क्रू ढिले झालेत. तेवढे घट्ट करायचे. माझी गुरुवारपर्यंत परीक्षा आहे. रविवारी संध्याकाळी सुरतहून गाडी."

शेजारचा दोधू चहावाला लगेच हजर झाला. मिस्तरीच्या दुकानात काही नवीन आलं, की दोधूच्या टपरीवरचा चहा उतू जातो हे ठरलेलं. त्याने बूट उचलला, बोटाने टकटक वाजवून पाहिला. "हाऊ बूट शे का बादली?"

खरंच, बूट प्लास्टिकचे, चार-चार बकलांचे, दगडासारखे कडक होते. रिना हसली. "दोधूकाका, मऊ बूटवाले वेगळे. ते उड्या मारतात, आणि आम्हाला बघून यंत्रमानव आले म्हणतात. आम्ही कडक बूटवाले. सकाळी मशीनने बर्फ विंचरून ठेवलेला असतो, त्यावर कोणाचं पाऊल पडायच्या आत आम्ही जातो. घसरायचं नाही, नुसत्या कडेवर वळायचं. खाली पोचलं की मागे वळून आपली रेघ बघायची. रेघ बारीक असली तर जमलं. फरफटल्यासारखी जाड असली, तर गुपचूप वर जायचं."

"आन् पडं तर?"

"पडलं तर तिथे कोणी हसत नाही. पहिलं विचारतात, मनगट ठीक आहे का? कारण माणूस हातावर पडतो आणि मनगटच जातं."

मिस्तरीचं या गप्पांकडे लक्ष नव्हतं. तो एक डोळा मिटून बोर्डाकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर एकेक आठी चढत होती. रिनाने ते पाहिलं आणि दारातून परत वळली.

"चाचा, फक्त स्क्रू हं! बाकी कशाला हात लावू नका!"

"जाय, जाय. पेपर नीट लिही," मिस्तरी म्हणाला.

आता, वाचकहो, 'हात लावू नका' हे वाक्य मिस्तरी लोकांना सांगायचं नसतं. मांजराला दुधाची भांडी दाखवून असं सांगून बघा!

रिना कोपऱ्यावर दिसेनाशी होताच मिस्तरीने बोर्ड टेबलावर ठेवला आणि तोंडात बोटच घातलं. बोर्डाची दोन्ही टोकं टेबलाला टेकलेली, आणि मधला भाग अधांतरी! खालून काडेपेटी आरपार गेली.

"देख दोधू, देख! वाकडी!"

"बाप रे! फॉरेननी वस्तू आन् वाकडी?"

"आन् हाई देख." मिस्तरीने टेप लावला. पुढे रुंद, मागे रुंद, मध्ये बारीक. "रंधा मारनारानं मध्ये जास्ती मारी टाका. डोळा लागी गया व्हई त्याना." मग त्याने कडेवरून अंगठा फिरवला आणि "स्स्स!" करून तोंडात घातला. कडेला पोलादाची पट्टी होती, आणि तिला ही धार! आणि पाय अडकवायच्या त्या दोन पट्ट्या? दोन्ही तिरप्या, पुढच्या टोकाकडे तोंड करून!

चार दोष. एका फळीत चार! एवढी गुणी पोर, बर्फात जाणार, अख्ख्या महाराष्ट्राची म्हणून उभी राहणार, आणि तिच्या पायाखाली हे असलं काम?

"पोरले फसाडं कोनी तरी," दोधूने आगीत रॉकेल ओतलं.

"फसाडू दे. आपन बठेल शेत ना!" मिस्तरीने बाह्या सरसावल्या.

सुरैय्या, म्हणजे मिस्तरीची बायको, दुकानामागच्या अंगणात ताडपत्रीवर वर्षाची मिरची वाळत घालत होती. तिने आतून आवाज दिला. "अजी, बच्ची ने सिर्फ स्क्रू बोला था ना?"

"तू मिरची देख!" मिस्तरीने तिला गप्प केलं. एकतीस वर्षांत तिचं ऐकलं असतं, तर या गोष्टीतलं काहीच घडलं नसतं.

कामाला सुरुवात झाली. खाली जाड सागवानी फळी, वर जाड सागवानी फळी, मध्ये बोर्ड, आणि कडेने स्क्रूने आवळायचे आठ शिकंजे. दोन्ही बाजूंनी दोन हॅलोजनचे दिवे, म्हणजे ऊब लागून फळी मऊ येईल. वर सुरैय्याचा पाटा. पाटाही कमी पडतोय असं वाटलं, तेव्हा दोधू स्वतः वर बसून चहा पिऊ लागला. गिऱ्हाइकंही तिथेच चहा घेऊ लागली. मंगळवार गेला, बुधवार उजाडला. शिकंजे रोज थोडे थोडे आवळले. बुधवारी दुपारी मिस्तरीने बोर्ड बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि खालून काडेपेटी सारली. जाईना! काडी सारली. जाईना! सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद सारला. तोही जाईना!

"सुभानल्ला!" मिस्तरी स्वतःलाच म्हणाला.

मग त्याने कानस घेतली आणि पोलादी कडा पाळण्याच्या कडेसारख्या गोल, गुळगुळीत केल्या. त्यावरून बाळाचा गाल फिरवला तरी ओरखडा उठायचा नाही! पाय अडकवायच्या पट्ट्या सोडवून काटकोनात बसवल्या, शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारख्या. आणि हो, स्क्रूही घट्ट केले. सांगितलेलं काम केलं नाही असं उद्या कोणी म्हणायला नको!

राहिला तो मधला बारीक भाग. गुरुवारी दुपारी मिस्तरीने सागाच्या दोन नाजूक पट्ट्या तासल्या, त्यांना फेव्हिकॉल लावला, आणि त्या बोर्डाच्या कमरेला चिकटवणार, एवढ्यात रिना दारात उभी राहिली.

"ये, ये! देख तुन्ही फळी!" मिस्तरीने लग्नातल्या वरबापासारखे हात पसरले.

रिनाने बोर्ड उचलला, उलटा केला, सुलटा केला. त्याच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट कापलं नाही हे पाहून तिचे डोळे भरून आले.

"चाचा, याची कमान कुठे गेली?"

"काढी टाकी!" मिस्तरी म्हणाला. मुतखडा काढणारे डॉक्टर असेच बोलतात.

रिना मटकन स्टुलावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. नुसता फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर संध्या मॅडम आल्या. रिनाने कॅमेरा बोर्डावरून फिरवला.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"तुमचा बोर्ड, मॅडम," मिस्तरी मध्ये घुसला. "एकदम सरळ केला! इतका वाकडा होता की विचारू नका."

"मिस्तरी, ती कमान मुद्दाम असते! मुलगी वर उभी राहिली की कमान दबते, आणि दबलेली कमान कडेला बर्फात रोवून धरते. मध्ये बारीक असतो म्हणून बोर्ड वळतो. पाय तिरपे असतात म्हणून कलता येतं. कडेला धार असते म्हणून घसरत नाही. कडांना तरी हात लावला नाहीत ना?"

"गोल केल्या."

"गोल?"

"पाळण्यासारख्या."

त्यानंतर बराच वेळ पडद्यावर मॅडम दिसल्या नाहीत. नुसता छताचा पंखा फिरताना दिसत होता. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"रिना, ऐक. माझ्या खांद्यात पट्टी आहे आणि सहा स्क्रू आहेत. ते अशाच एका बोथट बोर्डामुळे. असल्या बोर्डावर मी तुला उतारावर सोडणार नाही. दुसरा बोर्ड माझ्याकडे नाही. कडक बूटवाले आपल्या देशात आहेतच किती? रविवारी सुरतला बोर्ड ठीक नसेल तर नागपूरच्या मुलीचं नाव द्यावं लागेल. मला फार वाईट वाटतंय गं."

फोन बंद झाला. दोधूनेसुद्धा चहाचा कप खाली ठेवला, यावरून काय ते समजा.

मिस्तरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण किती वेळ? फार तर दीड मिनिट. मग त्याने घसा खाकरला.

"अगं, सरळ करणं अवघड असतं! वाकडं तर कोणीही करतं! बस तू. आत्ता तासाभरात वाकडा करून देतो!"

दोन स्टुलं अंगणात आली. त्यांच्यावर बोर्डाची दोन टोकं, पोट आभाळाकडे. पायाच्या पट्ट्या सोडवून बाजूला ठेवल्या. हॅलोजन लावले. आणि मिस्तरी टेबलावरून पाय टाकून स्वतः बोर्डाच्या मधोमध उभा राहिला. बोर्ड दबला. मिस्तरी उतरला. बोर्ड पुन्हा सरळ! मिस्तरी चढला, उतरला. बोर्ड सरळ!

"वजन कमी पडस," दोधू म्हणाला. "मिस्तरी, जरा नाच!"

"अजी, मेरी मिरची!" सुरैय्या ओरडली, कारण ताडपत्री स्टुलापासून दोन हातांवर होती. "चाचा, नको!" रिना ओरडली. पण मिस्तरीने एक उडी मारली. बोर्ड कुरकुरला. दुसरी मारली. बोर्ड चांगलाच खाली गेला. मिस्तरीचा चेहरा खुलला. तो म्हणाला, "देखा? मन्हा दुकानमाईन—" आणि त्याने तिसरी उडी मारली.

पुढचं शब्दांत सांगणं कठीण आहे, तरी सांगतो. बोर्ड खाली गेला आणि मग वर आला. मिस्तरी त्याच्यापेक्षा जास्त वर गेला! अंगणातल्या शेवग्याची वरची शेंग त्याने जवळून पाहिली. मग दोन्ही हात पुढे करून तो सुरैय्याच्या वर्षाच्या मिरचीत उतरला.

भस्स! लाल ढगच उठला! सुरैय्या शिंकली, रिना शिंकली, दोधू तर शिंकता शिंकता आपल्याच टपरीच्या दांडीवर आपटला. मोलगीकडे निघालेली जीप दुकानासमोर थांबली, आतली चौदा माणसं एका सुरात शिंकली आणि ड्रायव्हरने काचा लावून जी धूम ठोकली! गल्लीतल्या कोंबड्याही शिंकल्या, असं दोधू सांगतो. ते मी शपथेवर सांगणार नाही.

ढग खाली बसला तेव्हा मिरचीतून मिस्तरीचं डोकं वर आलं. रिना डोळे पुसत धावली आणि पहिला प्रश्न विचारला, "चाचा, मनगट ठीक आहे का?"

मनगट ठीक नव्हतं. उजवं. चांगलंच फुगलं होतं. आणि बोर्ड? बोर्ड शेवग्याखाली शांत पडला होता, ओरखडा नाही, पट्टीसारखा सरळ! एकतीस वर्षांत इतकं पक्कं सरळ काम मिस्तरीच्या हातून झालं नव्हतं.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर प्लास्टर घालताना म्हणाला, "कसे पडलात?"

"स्नोबोर्डवरून," मिस्तरी म्हणाला.

डॉक्टरने नर्सकडे पाहिलं, नर्सने मिस्तरीच्या भुवयांमधल्या मिरचीच्या बियांकडे पाहिलं, आणि कोणी पुढे काही विचारलं नाही. "सहा आठवडे. हात गळ्यातून काढायचा नाही. हलवलात तर हाड वाकडं जुळेल."

शुक्रवारी सकाळी मिस्तरी दुकानात बसला होता, गळ्यात हात, नाक लाल. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो समोरून जाणाऱ्या कोणाशी बोलत नव्हता. हाताचं दुखणं त्याला कळतही नव्हतं. रिनाने त्याला एका शब्दानेही दोष दिला नव्हता, तेच त्याला जास्त लागलं होतं. पोर सकाळपासून दुकानातच बोर्ड मांडीवर घेऊन बसली होती आणि फोनकडे बघत नव्हती, कारण मॅडमना काय सांगायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात जीपमधून तिचा बाप उतरला. लेकीला निरोप द्यायला धनसिंग तोरणमाळहून पहाटेच निघाला होता. मुळातच अबोल माणूस. खांद्यावर भगरीची पिशवी, पाठीला बांबूचा तीरकामठा. असे कामठे तो स्वतः करायचा, दोरीसकट बांबूचे, आणि डोंगरातली माणसं लांबून त्याच्याकडे यायची. अंगणात पाऊल टाकताच तो तीनदा शिंकला.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

मिस्तरीने सांगितलं. सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही, आणि शेवटी म्हणाला, "धनसिंगभाऊ, मी तुन्ही पोरनं वाटोळं करी टाकं."

धनसिंगने बोर्ड हातात घेतला. एक डोळा मिटला. अगदी मिस्तरीसारखाच! एक टोक पायाशी टेकवून गुडघ्याने मध्ये दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग पाठीवरचा कामठा काढून बोर्डाशेजारी ठेवला.

"मिस्तरी, हाऊ तं कामठा शे."

मिस्तरीने एकदा कामठ्याकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे.

"कामठा कोनी सरळ करस का?" धनसिंग हसला. "सरळ कामठाना बान पायजोडेच पडस."

"पन कितला वाकाडना, भाऊ? माप कोनजोडे शे?"

"ज्यानं ओढनं त्यानाजोडे," धनसिंग म्हणाला आणि त्याने रिनाकडे बोट केलं. कामठा ओढणाऱ्याच्या दंडाप्रमाणे करायचा असतो. म्हातारा ओढणार असेल तर वेगळा, तरणा ओढणार असेल तर वेगळा. रिना वर उभी राहिली की बोर्ड टेबलाला बरोबर टेकला पाहिजे, उतरली की उठला पाहिजे. एवढंच माप!

मॅडमनी तरी दुसरं काय सांगितलं होतं? मिस्तरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो ताडकन उठला. "दोधू! हॅलोजन! शिकंजा! रिना, त्या सागाच्या फळ्या आण!"

त्यानंतर दीड दिवस त्या दुकानात जे काम चाललं, ते बघायला अर्धं अक्कलकुवा येऊन गेलं. धनसिंगने बोर्ड शेकायचा, हात लावून ऊब बघायची. पाहिजे त्याहून जास्त वाकवायचा, कारण सुटला की थोडा परत येतोच. मिस्तरीने बोर्डाच्या पोटाखाली पाचर किती सारायची ते सांगायचं. पण सांगायचं फक्त! डावा हात जरा पुढे गेला की सुरैय्या दारातून खाकरायची.

शनिवारी सकाळी शिकंजे सोडले. पट्ट्या पुन्हा तिरप्या बसवल्या. टेबलाच्या मधोमध दोधूचं जुनं वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर बोर्ड. खालून काडेपेटी आरपार गेली, आणि मिस्तरीला आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आनंद झाला! रिना बादलीबूट घालून वर चढली. धनसिंगने कागद ओढला. सुर्रकन निघाला.

"अजून जास्ती शे," तो म्हणाला.

पुन्हा शेक, पुन्हा शिकंजे, पुन्हा थंड. दुपारी दुसऱ्यांदा रिना चढली. धनसिंगने कागद ओढला. निघेना. मिस्तरीने डाव्या हाताने ओढला. कागद फाटला, पण निघेना! रिना उतरली, आणि कागद वाऱ्याने आपोआप उडाला.

"व्हयनं!" धनसिंग म्हणाला. दोधूने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, आणि दूध जास्त घातलं.

राहिल्या कडा. इथे मात्र मिस्तरीची खरी विद्या कामाची होती, आणि नेमका तोच हात गळ्यात! मग कानस रिनाने धरली. मिस्तरी शेजारी स्टुलावर बसून ओरडत राहिला. "एका दमात! मध्ये थांबू नको! कोपर बांध अंगाला! आता गुण्या लाव, काटकोन बघ. उजेड दिसतोय का मधून? दिसतोय ना? मग परत!" रिनाच्या हाताला फोड आले, पण पोर हटली नाही. मिस्तरीने गळ्यातला हात एकदाच बाहेर काढला, गुण्या धरायला. खरं सांगायचं तर दोनदा. बरं बाबा, सात-आठ वेळा! सुरैय्या मिरची निवडण्यात गुंतली होती, आणि माणसाने किती सहन करायचं?

संध्याकाळी रिनाने कडेवरून अंगठा फिरवला आणि "स्स्स!" करून तोंडात घातला. रडू आणि हसू एकदमच आलं तिला. कॅमेऱ्यातून मॅडमनी बोर्ड पाहिला, रिनाला वर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. मग म्हणाल्या, "रविवारी सुरतला ये. आणि मिस्तरींना सांग..."

"काय सांगू, मॅडम?"

"काही नाही. त्यांना लांबच बसव."

पुढच्या आठवड्यात दोधूच्या टपरीवर मोबाइल पाण्याच्या जारला टेकवून ठेवला होता आणि समोर वीसेक माणसं. पडद्यावर पांढराशुभ्र उतार आणि त्यावरून खाली येणारी आपली रिना! डावीकडे कलली, इतकी कलली की हात बर्फाला लागला. टपरीवरची वीस माणसं डावीकडे कलली. रिना उजवीकडे, टपरी उजवीकडे. मिस्तरी तर दोधूच्या बरणीवरच कलला. रिना खाली पोचली. तिने आधी वेळ पाहिली नाही, मागे वळून आपली रेघ पाहिली. पांढऱ्यावर बारीक, सुरीने ओढल्यासारखी रेघ, वरपासून खालपर्यंत वाकडी-वाकडी-वाकडी!

"काय सुंदर वाकडी शे!" मिस्तरी ओरडला.

रिना तिसरी आली. अख्ख्या देशात तिसरी! फोनवर ती म्हणाली, "चाचा, सगळे विचारत होते, कडांना धार कोणी लावली? मी सांगितलं, मीच लावली. चाचा नुसते बसले होते." मिस्तरीला वाटलं, आपलं एवढं कौतुक आयुष्यात कोणी केलं नव्हतं.

सहा आठवडे झाले. मिस्तरी प्लास्टर काढायला दवाखान्यात गेला. रुबाब परत आला होता. वाटेत भेटेल त्याला तो कमान म्हणजे काय ते समजावून सांगत होता, जणू त्यानेच ती शोधून काढली. डॉक्टरने प्लास्टर कापलं, मनगट हातात घेतलं आणि एक डोळा मिटून त्यावरून नजर टाकली. ती नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती.

"हात हलवला होतात ना? बघा, हाड थोडं वाकडं जुळलंय."

"दुखत नाही हो. रंधा धरता येतो."

"पण वाकडं आहे! दिसायला कसं दिसतं?" डॉक्टरने बाह्या सरसावल्या. "घाबरू नका. पुन्हा मोडू, सरळ बसवू, वर दोन स्क्रू टाकू. आमच्या दवाखान्यातून वाकडा हात बाहेर जात नाही!"

मिस्तरी टेबलावरून असा उडाला, की तसा तो त्या मिरचीच्या दिवशीही उडाला नव्हता. वाकडं मनगट दुसऱ्या हाताने छातीशी धरून तो दारापर्यंत मागे मागे सरकला आणि ओरडला,

"डॉक्टरसाहेब, फक्त प्लास्टर! बाकी कशाला हात लावू नका!"